किल्ल्यांवरचे दिवे



मांडवी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेकडील टेकडीवर आग्वादचा किल्ला उभा आहे. डचांच्या आरमाराला नदीच्या मुखाशीच थोपवावे, या हेतूने पोर्तुगीजांनी तो १६१२ मध्ये पुरा केला. ‘आग्वाद’ या नावात पाणी आहे. येथील झऱ्याचे गोडे पाणी भरून घेऊन गलबते पुढच्या सफरीस निघत. याच किल्ल्यात १८६४ सालचा दीपस्तंभ आहे. येथून मुंबईपर्यंतची दीपगृहे पाहत जाणाऱ्या प्रवाशाला एक गोष्ट वारंवार जाणवते : या किनाऱ्यावरचे कितीतरी जुने दिवे किल्ल्यांच्या अंगणात तेवत आले आहेत. देवगडचे दीपगृह किल्ल्यात आहे, रत्नागिरीचे १८६७ सालचे दीपगृह रत्नदुर्गाच्या परिसरात आहे, आणि मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवरही तोच प्रकार आहे.

याचे कारण सरळ आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला, तरी तो उंचावर असल्याखेरीज दूरवर दिसत नाही. समुद्रसपाटीवरील माणसाला तीस मीटर उंचीचा दिवा सुमारे वीस किलोमीटरांवरून दिसू शकतो. तोच शंभर मीटर उंचीवर असेल, तर सुमारे छत्तीस किलोमीटरांवरून. शत्रूचे शीड लवकर नजरेस पडावे म्हणून किल्लेदाराने जो कडा निवडला, तोच दीपगृह बांधणाऱ्याच्याही उपयोगी पडला. जागा एकच, पण हेतू अगदी उलटा. तोफ येणाऱ्या जहाजाचे निशाण पाहते. दिवा ते पाहत नाही.

खांदेरीचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांना आपला गळा आवळला जात असल्यासारखे वाटले. त्यांची जहाजे चालून आली, पुढे सिद्दीही त्यांना मिळाला. पण मराठ्यांनी बेट सोडले नाही. त्याच बेटावर पुढे इंग्रजी अमलात, १८६७ मध्ये, दीपगृह उभे राहिले. ज्या खडकासाठी रक्त सांडले, तोच खडक मुंबईच्या वाटेवरील प्रत्येक गलबताचा सोबती झाला. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरीचा समावेश आहे.

आग्वादची कहाणी मात्र इतकी निर्मळ नाही. ज्या टेकडीवरून परक्या खलाशालाही वाट दाखविली जात होती, तिच्याच पायथ्याशी पोर्तुगीज राजवटीने गोव्याच्या सुपुत्रांना कोंडून ठेवले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना १९४६ मध्ये येथेच बंदिवासात ठेवले होते. आज या तुरुंगाचे संग्रहालय झाले आहे. मनोऱ्याचे छायाचित्र घेऊन परत फिरणाऱ्याने खाली उतरून या कोठड्याही पाहाव्यात. त्याखेरीज आग्वाद पाहिला असे होत नाही.

या दीपस्तंभाशी एका घंटेचीही आठवण निगडित आहे. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ १८३५ नंतर ओसाड पडला, आणि त्याची प्रचंड घंटा आग्वादच्या दीपगृहात आली. १८७१ मध्ये ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये गेली. आज ती तेथे भाविकांना प्रार्थनेला बोलावते.

दिव्याची विद्याही जाणून घेण्यासारखी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याने काचेच्या लोलकांची वलये अशा रीतीने रचली, की चहूकडे विखुरणारे किरण एका आडव्या झोतात एकवटावेत. १८२३ मध्ये फ्रान्समधील कॉर्दुआं येथे असे भिंग प्रथम बसविले गेले. अशी भिंगे फिरविण्यासाठी पुष्कळ ठिकाणी भिंतीवरील घड्याळासारखे लोंबते वजन असे, आणि रखवालदाराला रात्रीतून अनेकदा उठून त्याला किल्ली द्यावी लागे. प्रत्येक दिव्याची उघडझाप निराळी असते. तेवढ्यावरून तांडेल ओळखतो, की हे देवगड नव्हे, ही रत्नागिरी.

आग्वादच्या जुन्या मनोऱ्यातील दिवा १९७६ मध्ये मालवला, आणि त्याचे काम शेजारच्या नव्या दीपगृहाकडे गेले. आता विजेने ते जागरण संपविले आहे, आणि मोठी जहाजे उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान जाणतात. तरीही पावसाळी काळोखात यंत्र बंद पडलेल्या मचव्याला किनाऱ्यावरचा दिवाच आधार देतो. म्हणून नवे दिवे जळत राहिले पाहिजेत, आणि जुनी भिंगे, ती घड्याळयंत्रे व रखवालदारांच्या नोंदवह्या भंगारात जाता कामा नयेत. किल्ला कोणी जिंकला हे आपल्या मुलांना पाठ असते. त्याच किल्ल्यावर रात्रभर जागून अनोळखी माणसांना सुखरूप घरी पोचविणारेही कोणी होते, हेही त्यांना ठाऊक असावे.