पडदा काळा, यंत्र जिवंत

संगणकाचा पंखा फिरतो, दिवाही लागतो, परंतु पडदा काळाच राहतो. अशा वेळीं घरांतील हिशेब व छायाचित्रें गेलीं असें समजूं नये. तीं हार्ड डिस्कवर असतात, चित्राचा मार्ग निराळा आहे.

तपासणीचा क्रम बाहेरून आंत असावा. मॉनिटरला वीज मिळते काय, योग्य इनपुट निवडला आहे काय, हें प्रथम पाहावें. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल मदरबोर्डाला नव्हे, त्या कार्डालाच जोडावी.

तरीहि अंधार असेल तर प्लग काढावा, पेटीच्या धातूस स्पर्श करून हातांतील स्थिर वीज घालवावी आणि रॅमची एकेकच पट्टी घट्ट बसवून यंत्र चालवून पाहावें. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तींत घातक विद्युत्संचय राहूं शकतो.

अखेर कारागिराकडे जाणें झालें, तर ‘डिस्क पुसूं नका’ असें त्यास आधीं बजावावें.