जुनी शिडाची नाव विकत घेताना



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनस, महागाई भत्ता नाही तर कामगार कायदे यांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. गोदीतल्या आणि जहाजदुरुस्तीच्या कामगारांत तीस वर्षे काढलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकावयाचे? मी विषय कळवला तो जुन्या शिडाच्या नावेच्या खरेदीचा. पत्रिका वाचून काहींना हसू आले असेल, आणि ते साहजिक आहे. आपल्यापैकी कोणी उद्या सकाळी उठून असली नाव घ्यावयास निघणार नाही. माझ्यापाशीही नाव नाही आणि माझ्या मिळकतीत ती येण्याचा संभव नाही. पण जुनी वस्तू पारखून घेण्याचा प्रसंग तुम्हां-आम्हां सर्वांवर येतो. सायकल, बैल, घर यांत फसलो तर पैसे जातात. नावेत फसलो तर माणूस जातो. म्हणून ही पारख कशी करतात हे ऐकण्यासारखे आहे.

मी बोलतो आहे ती नाव मासेमारीची नव्हे. तीस ते चाळीस फूट लांबीची, आत झोपावयास जागा आणि स्वयंपाकास चूल असलेली, दोन माणसांनी किंवा एकट्यानेही दूरच्या समुद्रावर न्यावी अशी शिडाची नाव. इंग्लंड, स्वीडन, अमेरिका येथे अशा नावा एके काळी श्रीमंतांच्याच असत. १९६० च्या सुमारास काचतंतू आणि राळ यांच्या साच्यातून नावा निघू लागल्या आणि शाळामास्तर, फोरमन, दुकानदार यांच्याही हाती त्या आल्या. त्याच नावा आज चाळीस-पन्नास-साठ वर्षांच्या होऊन तिकडच्या बंदरांत उभ्या आहेत. मालक म्हातारे झाले, मुलांना हौस नाही. कित्येकदा नव्या मोटारीहून कमी किमतीत ती नाव मिळते. मोह पडतो तो येथेच.

अशा मोहाचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे जोशुआ स्लोकम. १८४४ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात जन्मलेला. दहाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि बापाच्या हाताखाली बूट शिवण्यास बसला. तेथून समुद्रावर पळाला आणि मोठमोठ्या शिडांच्या जहाजांचा कप्तान झाला. पुढे वाफेची जहाजे आली, आणि एवढा कसबी माणूस बेकार झाला. यंत्र आले की कसबी माणसाचे काय होते, हे गिरणगावातल्या लोकांना मी सांगावयास नको. १८९२ च्या हिवाळ्यात बोस्टनला तो रिकामा हिंडत असता देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जुन्या कप्तानाने त्याला एक नाव फुकट देऊ केली. थोडी दुरुस्ती लागेल एवढेच म्हणाला. स्लोकम फेअरहेवनला जाऊन पाहतो तो नाव समुद्रापासून दूर, एका शेतात टेकू लावून उभी! कित्येक वर्षे कुजत पडलेली. तिचे नाव ‘स्प्रे’.

त्याने काय केले? जवळचे एक ओकचे झाड पाडून तिचा नवा कणा घडवला, मग एकेक बरगडी, एकेक फळी बदलत गेला. शेवटी जुन्या नावेचे नाव आणि आकार एवढेच उरले. ३६ फूट ९ इंच लांबीची नाव तयार झाली. खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. पण हा खर्च नुसत्या मालाचा बरे! तेरा महिने त्याने स्वतः राबून घातले, त्याची मजुरी या हिशेबात धरलेलीच नाही. जुनी नाव घेणारे लोक आजही स्लोकमचा हा आकडा सांगतात आणि तेरा महिने विसरतात. मला मात्र आधी तेच दिसतात. १८९५ च्या एप्रिलमध्ये तो बोस्टनहून एकटा निघाला, आणि ४६,००० मैल कापून, पृथ्वीला वळसा घालून, १८९८ च्या जूनमध्ये परतला. असे करणारा तो पहिला माणूस.

तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. या नावेत किती माणसांची किती दिवसांची मजुरी शिल्लक आहे आणि किती अजून घालावी लागेल, हा पहिला प्रश्न. माल स्वस्त असतो. हात महाग असतात. आणि तिकडे ते महाग आहेत याचा मला आनंदच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्याने कुलाब्याच्या वर्कशॉपात ३२ फुटांची एक नाव बांधून घेतली. आराखडा अमेरिकन, ठेवण नॉर्वेच्या जुन्या जीवरक्षक नावांची, लाकूड हिंदी सागवान, आणि कामगार आपले. वाकसाने तासायचे, दोरीच्या सामत्याने भोके पाडायची, अशा हत्यारांनी ती घडली. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून तिला पाण्यात सोडले. नाव ठेवले ‘सुहैली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात.

१९६८ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लंडनच्या एका वृत्तपत्राने जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनला त्यासाठी नवी, मोठी, पोलादी नाव हवी होती. पैसे जमले नाहीत. म्हणून नाइलाजाने जुनी ‘सुहैली’ घेऊन १४ जून १९६८ ला तो फॉलमथहून निघाला. काही आठवड्यांतच तळाशी पाणी येऊ लागले. फळ्यांच्या सांध्यात ठोकून भरलेला कापूस एका जागी सुटला होता. भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुड्या मारून त्याने तो सांधा पुन्हा भरला आणि वरून कापड व तांब्याची पट्टी ठोकली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तो फॉलमथला परत आला. शर्यतीत नऊजण निघाले होते. पुरा झाला तो हा एकटा. नॉक्स-जॉन्स्टनला पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली. कुलाब्याच्या सुतारांची नावे कोणी विचारली असतील असे मला वाटत नाही. असो.

या नावेची पुढची हकीकत खरेदीदाराने मुद्दाम ध्यानात ठेवावी. ती ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली, छपराखाली, कोरड्या हवेत. तेथे तिच्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा २००२ मध्ये ती बाहेर काढावी लागली. दक्षिण महासागराच्या लाटांनी जे झाले नाही ते संग्रहालयाच्या हवेने होऊ लागले! लाकडी नाव पाण्याबाहेर फार दिवस उभी असेल तर वरचा रंग कितीही चकाकत असो, सांधे उघडले आहेत असेच धरून चालावे.

लाकडाविषयी आणखी एक. समुद्राच्या पाण्याने लाकूड कुजते असा आपला समज असतो. खरे म्हणजे खारे पाणी कुजण्याला अडवते. लाकूड कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. म्हणून जाणता माणूस टोच्या घेऊन आधी वर चढतो. डोलकाठी जेथून तक्तपोशीत शिरते ती जागा, खोलीचे कोपरे, खिडक्यांच्या कडा, तक्तपोशीच्या कडांखालचा भाग. टोच्या लोण्यात शिरावा तसा शिरला की समजावे. पाण्याखाली वेगळा शत्रू असतो, शिंपल्याच्या जातीचा लाकूड पोखरणारा किडा. आपल्या कोकणातल्या नाखव्यांना तो पुरेपूर ठाऊक आहे. आणि ओकच्या लाकडात लोखंडी खिळे असतील तर त्या लाकडातले आम्ल खिळा खाते, खिळ्याचा गंज लाकूड खातो.

काचतंतूची नाव कुजत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. वरच्या गुळगुळीत थरातून पाणी वर्षानुवर्षे झिरपते, आतल्या राळेत न मुरलेले द्रव्य त्यात विरघळते आणि तळावर फोड उठतात. फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. या फोडांनी नाव सहसा बुडत नाही. पण वरचा थर सोलून, महिनोन्महिने वाळवून पुन्हा लेप देण्याचा खर्च नावेच्या किमतीला भिडू शकतो. त्याहून वाईट तक्तपोशी. वजन वाचवावे म्हणून काचतंतूच्या दोन थरांत हलके लाकूड घातलेले असते. जेथे जेथे स्क्रू, तेथे तेथे पाण्याला वाट. तैवानमध्ये १९७० नंतर बांधलेल्या कित्येक देखण्या नावांवर सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवल्या आहेत. फोटोत त्या फार शोभतात. पायाखाली तक्तपोशी दबली, की शोभा संपली.

आता ज्यावर जीव टांगलेला असतो ते सांगतो. तळाचे जड वजन म्हणजे कील. तेच नावेला उलटू देत नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची चाळीस फुटी नाव अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत होती. भर अटलांटिकमध्ये तिची कील सुटली, नाव उलटली आणि चार इंग्रज खलाशी गेले. ही नाव जुन्या ठेवणीची नव्हती, नव्या वळणाची, बोल्टांनी कील जोडलेली होती. ब्रिटिश सरकारच्या चौकशीत निघाले की ती पूर्वी तळाला घासली होती, दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि कील धरून ठेवणारा आतला सांगाडा त्यामुळे दुबळा झालेला असण्याचा संभव होता. वरून काय दिसणार? म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारावे, नाव कधी जमिनीला लागली होती का, आणि उत्तर देताना त्याच्या तोंडाकडे पाहावे. मग तळाचे फळकूट उचलून बोल्टांभोवती गंज अन् चिरा स्वतः पाहाव्यात.

तसेच डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारा. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्या लागतात, आणि विमा कंपन्याही तसा आग्रह धरतात. तारा दिसतात तरी. त्या ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्या तक्तपोशीतून आत गेलेल्या असतात. न गंजणारे पोलादही हवा न मिळालेल्या ओल्या फटीत गंजते, आणि आतल्या आत चिरते. इंजिनाचे फार सांगत नाही. ते थंड असताना आपल्यासमोर सुरू करावयास सांगावे. आधीच गरम करून ठेवले असेल तर संशय धरावा.

हे सर्व तपासण्यास तिकडे सर्व्हेअर असतात. नाव पाण्याबाहेर काढून हातोडीने ठोकत ठोकत फिरतात. भरीव आवाज कोठे बद्द होतो ते कान लावून ऐकतात. आमचे जुने बॉयलरवाले असेच ऐकत. दलालाची दलाली विकणारा देतो, तेव्हा दलाल कोणाचा हे उघड आहे. सर्व्हेअर आपला, आपण शोधलेला आणि आपण पैसे दिलेला असावा. दलालाने सुचवलेला नको.

येथे माझ्या धंद्याचे थोडे बोलतो. तळाला शेवाळ आणि शिंपले लागू नयेत म्हणून विषारी रंग देतात. पूर्वी त्यात कथिलाचे एक भयंकर संयुग असे. जहाजांवर त्याला २००८ पासून जगभर बंदी आहे. आज बहुधा तांबे असते. पण जुन्या नावेच्या अंगावर थरावर थर असतात आणि खालच्या थरात काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. नवा मालक हौसेने सांगतो, तळ घासून काढा. आमच्याकडच्या एका यार्डात पोरे तोंडाला रुमाल बांधून हे काम कोरडेच करीत. संध्याकाळी थुंकी निळी पडे. रुमालाने धूळ अडत नाही. पाणी मारून घासावे, आणि मुखवटा, चष्मा, हातमोजे यांचा खर्च नावेच्या किमतीत धरावा. ज्याला तो परवडत नाही त्याला नाव परवडत नाही.

जुन्या ठेवणीला अलीकडे पुन्हा मान आला आहे. १९६८ च्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये ती पुन्हा भरवली. नियम असा, की नाव ३२ ते ३६ फुटांची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची हवी, कील लांब आणि सुकाणू तिच्या मागच्या कडेलाच जोडलेले. अशी नाव मंद चालते, पण धरलेली दिशा सोडत नाही, आणि सुकाणूला कीलचा आडोसा राहतो. आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या ‘सुहैली’च्याच प्रतिकृतीतून निघाले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीचा कणा दुखावला, आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. हाच माणूस २०२२ मध्ये पुन्हा निघाला. या वेळी काचतंतूची ३६ फुटी नाव, ‘रस्लर ३६’ जातीची. हा आराखडा १९८० च्या सुमाराचा. २९ एप्रिल २०२३ ला ते दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. शिक्षण, शौर्य सगळे मान्य. पण निघण्यापूर्वी तारा, बोल्ट, सुकाणू तपासणारे हात जमिनीवर राहतात, हेही सांगितले पाहिजे.

शेवटचे कागदपत्रांचे. इंग्लंडात नोंदलेल्या नावेच्या मालकीचे चौसष्ट हिस्से असतात. विकणाऱ्याच्या हाती चौसष्टही आहेत की साठच, ते पाहावे. उरलेले चार एखाद्या भावाचे निघतात. नाव गहाण नाही ना, तेही पाहावे. आणि सागरी कायद्यात एक अशी गोष्ट आहे, की ती प्रथम वाचली त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. जमिनीवर मालक बदलला, कंपनी बुडाली की थकलेल्या पगारासाठी कामगार दारोदार हिंडतो. समुद्रावर खलाशाच्या थकलेल्या पगाराचा बोजा मालकावर नसून जहाजावरच बसतो. जहाज विकले तरी बोजा सुटत नाही. नव्या मालकाच्या हाती गेलेले जहाजही त्यासाठी अडकवता येते. आपल्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात अशा बोजांचा क्रम लावला आहे, आणि त्यात पहिला क्रमांक पगाराचा आहे. तेव्हा विकणाऱ्याला हेही विचारावे, की या नावेवर कोणी पगारी माणूस होता काय, आणि त्याचा पगार चुकता झाला आहे काय. पावती मागावी.