उतरता लूप

प्रोग्रामिंगच्या पहिल्या धड्यात १ ते १० छापणारा लूप असतो. १० ते १ छापणारा लूप त्याच्याखाली स्वाध्यायात येतो आणि ‘अधिक एकच्या जागी उणे एक करा’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. ही बोळवण मला मान्य नाही. लूपमधली खरी चूक मोजण्यात होत नाही, कुठे थांबायचे ते ठरवण्यात होते. आणि ती चूक चढत्या मोजणीत झाकली जाते, उतरत्या मोजणीत उघडी पडते. पायथनमध्ये रेंजला १ आणि ११ दिले की १ ते १० मिळतात. विद्यार्थी हेच उलटे करताना १०, १ आणि उणे १ देतो, तर मोजणी २ वरच थांबते. सुरुवातीचा आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा, हा नियम दिशा बदलली तरी बदलत नाही. म्हणून शेवट ० द्यावा लागतो. चढत्या मोजणीत तो ११ का, हे ज्याने कधी विचारलेच नाही, तो या शून्यापाशी पहिल्यांदा अडतो. हे अडणे मोलाचे आहे. सी भाषेत तर परिणाम आणखी कडक. काउंटर चिन्हरहित असेल आणि अट ‘शून्य किंवा अधिक’ अशी असेल, तर ती अट कधी खोटी ठरतच नाही. ३२ बिटांच्या काउंटरमधल्या शून्यातून एक वजा केला की ४,२९,४९,६७,२९५ उरतात आणि लूप चालूच राहतो.

यावर आक्षेप येतो की आता यादीतला एकेक घटक आपोआप हाती देणारे लूप आहेत, मग काउंटर हवाच कशाला? नुसते वाचायचे असेल तर नको, हे मी मान्य करतो. पण चार खणांच्या ॲरेत ५, ८, ३ आणि शेवटी एक रिकामा खण आहे, आणि सुरुवातीला नवा आकडा घालायचा आहे असे समजा. डावीकडून सरकवायला गेलात तर ५ आधी ८ वर बसतो, तोच पुढे ३ वर बसतो, आणि चारही खणांत ५ उरतो. बाकावर जागा करायची तर कडेच्या माणसाने आधी सरकावे लागते. इथेही उजवीकडूनच यावे लागते. इन्सर्शन सॉर्टची सारी भिस्त याच सरकण्यावर आहे. दुसरा आक्षेप नवशिक्याच्या गोंधळाचा. निक्लाउस विर्थ यांनी शिकवण्यासाठीच रचलेल्या १९७० च्या पास्कलमध्ये चढत्यासाठी ‘टू’ आणि उतरत्यासाठी ‘डाउनटू’ असे दोन स्वतंत्र शब्द होते, आणि दोन्हींत दोन्ही टोके धरली जात. शिकणाऱ्यांच्या भाषेतच उतरत्या मोजणीला तिची हक्काची जागा होती. गोंधळ होतो तो तिच्यामुळे नव्हे, ती उशिरा आणि घाईत शिकवल्यामुळे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. दोन्ही लूप एकाच तासाला फळ्यावर शेजारीशेजारी लिहा, प्रत्येक फेरीतली काउंटरची किंमत खाली मांडा, आणि लूप संपल्यावर ती किती उरली हे मुलांना विचारा.