‘ब्रेक मिळाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे; पण निगडी-भोसरीपासून चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या टपरीवर, एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या चार पोरांच्या गप्पांत तो इतक्या सहजपणे येतो, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो शब्द म्हणजे ‘ब्रेक’.

एकच वाक्य घेऊ. ‘त्याला ब्रेक मिळाला.’ हे वाक्य गोरेगावच्या चित्रनगरीत कुणी उच्चारलं, तर ऐकणारा पेढे मागेल. नट्याला पहिली मोठी भूमिका मिळाली, गायकाला पहिलं गाणं मिळालं, असा त्याचा अर्थ. हेच वाक्य चाकणच्या आंबेठाण चौकात उच्चारलं, तर ऐकणारा गप्प होईल आणि मग विचारेल, ‘आता रे? परत कधी बोलावणार?’ कारण तिथे ब्रेक मिळणं म्हणजे काम सुटणं. शब्द तेच, व्याकरण तेच, आणि अर्थ मात्र दोन टोकांचे.

असं का झालं, ते पाहण्यासाठी थोडं मागे जाऊ.

इंग्रजीत हे मुळात दोन शब्द आहेत. एक गाडी थांबवणारा, दुसरा मोडण्या-तोडण्याचा. स्पेलिंग वेगळं, उच्चार मात्र एकच. इंग्रज माणूस लिहिताना दोघांना वेगळं ठेवतो. आपण देवनागरीत लिहितो तेव्हा दोघेही एकाच पाटावर येऊन बसतात.

पहिला ब्रेक या पट्ट्यात सांगायला नको. वाहनं बनवणाऱ्यांचंच हे गाव. ब्रेक शू, ब्रेक ड्रम, डिस्क ब्रेक हे शब्द आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ. आपण ब्रेक ‘मारतो’, ‘दाबतो’, ‘लावतो’, आणि वेळ वाईट असेल तर तो ‘लागत नाही’. पत्र्याच्या कामाच्या शॉपमध्ये आणखी एक ब्रेक भेटतो, ‘प्रेस ब्रेक’. हे यंत्र काहीच थांबवत नाही; पत्रा सरळ रेषेत वाकवतं. रस्त्यावर ‘स्पीडब्रेकर’ आहे. सरकारी मराठीत तो ‘गतिरोधक’. नावाप्रमाणे त्याने वेग मोडायचा. पण बेताल बांधलेला असला की दुचाकीवाल्याची पाठ मोडते, एवढंच. आणि घराघरांत ‘खर्चाला जरा ब्रेक लाव’ हे वाक्य महिन्याच्या वीस तारखेनंतर ऐकू येतंच.

दुसरा ब्रेक जास्त गमतीचा. इंग्रजीत काठी, दोरी, काच, कायदा, वचन, हृदय या सगळ्यांना हे एकच क्रियापद पुरतं. मराठी इतकी आळशी नाही. आपली काठी मोडते, दोरी तुटते आणि काच फुटते. वचन मोडतं, नातं तुटतं, पेपर फुटतो. शंभराची नोट आपण मोडतो, पण ती कुठे तुटत नाही की फुटत नाही! शिवाय आपल्याकडे फुटणं नेहमी वाईटच असतं असंही नाही. झाडाला पालवी फुटते, मुक्याला वाचा फुटते, आणि पहाटे तांबडं फुटतं. इंग्रजांचाही दिवस ‘ब्रेक’च होतो. दोन भाषांना एकच गोष्ट सुचावी, याचं नवल वाटतं.

पण प्रत्येक ठिकाणी असा मेळ बसत नाही. रात्रभराचा उपास मोडायचा म्हणून त्यांचा ‘ब्रेकफास्ट’, आपली न्याहारी. अनोळखी माणसांतला अवघडलेपणा घालवायला ते ‘बर्फ फोडतात’. आपण कोंडी फोडतो. त्यांची बातमी ‘ब्रेक’ झाली म्हणजे पहिल्यांदा जाहीर झाली. आपली बातमी फुटली म्हणजे नको त्या माणसाला आधी कळली. रंगभूमीवर जाणाऱ्या नटाला इंग्रजीत ‘ब्रेक अ लेग’ म्हणजे ‘पाय मोड’ अशा शुभेच्छा देतात. आपल्याकडे विंगेत उभं राहून असं कुणी म्हणून पाहावं!

आता पुन्हा कारखान्यात जाऊ. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, पुढे मोठमोठे वाहन कारखाने आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं आली आणि कारखान्याची इंग्रजी भाषा मराठी प्रत्यय लावून बोलू लागली. ‘तो या आठवड्यात फर्स्टला आहे’, ‘लाईन बंद पडली’, ‘ओटी लागली’. ‘जेवणाच्या सुट्टी’चा लंच ब्रेक झाला, चहाची दहा मिनिटं म्हणजे टी ब्रेक, मशीन बंद पडलं की ब्रेकडाऊन. हे सारे ब्रेक निरुपद्रवी. शिट्टी होते, माणूस आपल्या जागेवर परत जातो.

एक ब्रेक मात्र असा आहे, की त्यातून परत येण्याची खात्री नसते. त्याच्या मुळाशी एक आकडा आहे, २४०.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असं होतं, की बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं, तर ती एक वर्षाची अखंड सेवा धरायची. मग त्या कामगाराला कमी करायचं झालं, तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागे आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाईही. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी पुढचं पाऊल टाकलं. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने खंड न पडता २४० दिवस भरले, तर त्याला कायम करावं, असं त्यांत म्हटलं होतं. हे २४० दिवस मोजताना पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवारही धरायचे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला.

आता साधा हिशेब करा. आठ महिने म्हणजे साधारण २४३ दिवस. सात महिने म्हणजे २१३. सात महिन्यांची नेमणूक या भागात इतकी ओळखीची का झाली, ते या दोन आकड्यांत आहे. सातवा महिना संपला की ‘ब्रेक’. आणि हिशेब मागच्या बारा महिन्यांचा असल्यामुळे चार दिवसांच्या ब्रेकने भागत नाही. म्हणून ब्रेक लांबतो, किंवा माणूस त्याच गेटमधून आत जातो आणि कागदावर कंत्राटदाराचं नाव बदललेलं असतं. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं, ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने स्पष्ट म्हटलं. पण त्यासाठी हेतू सिद्ध करावा लागतो, आणि दर सात महिन्यांनी नवं काम शोधणाऱ्याने तो कोर्टात कसा सिद्ध करावा?

श्रोतेहो, मला सांगायचं आहे ते इथे. आपल्या भाषेत या गोष्टीला शब्द नव्हते असं नाही. ‘कामावरून काढलं’, ‘कमी केलं’, ‘घरी बसवलं’. ही तिन्ही वाक्यं ऐकली की कुणी तरी कुणाला तरी काही केलं, हे कळतं. ‘खाडा’ हाही अस्सल शब्द. पण खाडा कामगार करतो, आणि त्याचा एका दिवसाचा पगार जातो. सरकारी मराठीत ‘सेवाखंड’ आहे, आणि तो क्षमापित करण्याची सोयही आहे. ‘ब्रेक’ या शब्दाने हे सगळं झाकून टाकलं. टीव्हीवर निवेदक ‘छोट्याशा ब्रेकनंतर पुन्हा भेटू’ म्हणतो, तोच गोडवा या ब्रेकला चिकटला. जणू विश्रांतीच दिली आहे!

ही विश्रांती कशी असते? खोलीचं भाडं थांबत नाही. गावी पाठवायचे पैसे थांबतात. बँकेत कर्ज मागायला गेलं, तर सलग पगाराच्या पावत्या मागतात. त्या कुठून आणायच्या? आणि स्थळ पाहायला आलेले पाहुणे पहिल्याच चहाला विचारतात, ‘मुलगा परमनंट आहे ना?’ इंग्रजीतला ‘परमनंट’ हा शब्द मराठी घरात इतका वजनदार झाला, तो या ब्रेकमुळेच.

आता कायदाही बदलला आहे. १९४७ च्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आणि इतर तीन संहितांसह ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात ठरावीक मुदतीच्या नोकरीला रीतसर जागा आहे. अशा कामगाराला त्याच कामावरच्या कायम कामगाराइतकेच लाभ द्यायचे आहेत, आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबण्याऐवजी एक वर्षाची सेवा पुरेशी आहे. मात्र मुदत संपून काम सुटलं, तर ती कामगारकपात धरली जात नाही. म्हणजे काही वर्षांनी ‘ब्रेक मिळाला’ मागे पडून ‘टर्म संपली’ असं ऐकू येऊ लागेल, अशी चिन्हं आहेत. शब्द बदलेल, खोलीचं भाडं त्याच तारखेला द्यावं लागेल.

या नव्या संहितांमध्ये एक गोष्ट कामाची आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा आपल्या घरात, शेजारी, नात्यात कुणी पोरगा किंवा पोरगी पहिल्यांदा कामाला लागत असेल, तर नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक एका फाईलमध्ये जपून ठेवायला सांगा. दिवस मोजायची पाळी आली, तर हेच कागद साक्षीला उभे राहतात.

आणि कुणी म्हणालं, ‘मला ब्रेक मिळाला’, तर ‘बरं, परत बोलावतील’ म्हणून विषय संपवू नका. ‘किती दिवस भरले होते?’ आणि ‘पत्र दिलं का?’ हे दोन प्रश्न जरूर विचारा.

(रेडिओवरील भाषण, संपादित)