पदकाशेजारचे गहाणखत



कुस्तीच्या इतिहासाचे संग्रहालय पाहावयास जाणाऱ्या मुलाला पदकाशेजारी काय दिसले पाहिजे? सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. पदकाशेजारी प्रथम ते गहाणखत मांडावे! मग विजयी मल्लाला गावी नेणाऱ्या शंभराहून अधिक बैलगाड्यांचे चित्र. पुढची उदासीनताही झाकू नये. १९८४ साली खाशाबांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गोळेश्वरचे नियोजित कुस्ती संकुल रखडले, म्हणून २०१७ मध्ये कुटुंबीयांनी ते पदकच लिलावात काढण्याची घोषणा केली.

सांगलीच्या दालनाचा मान कवठेपिरानच्या मारुती मानेंचा. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही पदके आणली. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीचा वास मात्र काचेच्या पेटीतून येत नाही. तेव्हा मुलांना तिथून जवळच्या तालमीत आणि कुंडलच्या मैदानावरही न्यावे.