नळाला गढूळ पाणी आलं, तर गावानं काय करावं?



मृग लागला, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. पऱ्हे टाकले का, बोडी भरली का, रोवणा कधी लागणार? नेमक्या याच दिवसांत एखाद्या घरी लेकराला हगवण लागते. आई म्हणते, काही बाधलं असेल. दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीला ढाळ-वांत्या सुरू होतात. तिसऱ्या दिवशी त्याच टोलीतली चार घरं अंथरूण धरतात. मग सरपंचाकडे धाव, दवाखान्याकडे धाव. पण सावध व्हायचं ते पहिल्या दोन घरांनाच.

विदर्भातलंच एक उदाहरण सांगतो. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीची साथ आली. बिल थकलं म्हणून पाणी योजनेची वीज तुटलेली होती. नळ कोरडे पडले, तेव्हा लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी भरलं. त्या पाण्यानं शेकडो माणसं आजारी पडली, काहींचे प्राण गेले. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. नळ बंद पडला, की माणूस तहानलेला राहत नाही, तो दुसरं पाणी शोधतो. म्हणून योजना बंद पडणं हीच धोक्याची पहिली घंटा समजावी. गावाला दुसरं शुद्ध पाणी कुठून देणार, हे ग्रामपंचायतीनं आधीच ठरवून ठेवावं.

आता नळाचं पाणी बिघडतं कसं ते पाहू. टाकीतून पाणी सुटतं तेव्हा नळी भरलेली असते, आतला दाब पाण्याला बाहेर ढकलतो. फुटक्या जागेतून पाणी नुसतं वाया जातं. पण पाणी बंद झालं, की नळी रिकामी होते आणि त्याच फटीतून भोवतालचं घाण पाणी आत शोषलं जातं. नळी नालीतून गेली असेल, तर नालीचं पाणी आत जातं. जवळ उकिरडा असेल, तर त्याचा निचरा आत जातो. दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी गढूळ आणि वासाचं येतं ते यामुळे. जास्त धार मिळावी म्हणून काही जण अंगणात खड्डा करून त्यात नळ उतरवतात. त्या खड्ड्यात सांडपाणी साचतं आणि नळाची तोंडी त्यातच बुडते. काही जण नळाला थेट मोटार लावतात. ती मोटार आपल्या घरी पाणी ओढते, तशी सगळ्या टोलीच्या नळीत घाणही ओढते.

पुराच्या गावांनी तर दुप्पट जपावं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता. नदीकाठच्या लोकांना तो आठवत असेल. पुराचं पाणी विहिरीत किंवा हातपंपाच्या ओट्यावर चढलं असेल, तर पाणी नितळ दिसलं तरी ते तपासल्याशिवाय आणि शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.

समजा, दोन-तीन दिवसांत एकाच टोलीत दोन-तीन घरी हगवण झाली, किंवा नळाला गढूळ पाणी आलं. तेव्हा या क्रमानं काम करा.

पहिलं काम, लपवू नका. गावाचं नाव खराब होईल या भीतीनं दोन दिवस दडवलं, तर साथ पसरते. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

दुसरं काम, त्या भागाचा नळ बंद करा आणि दवंडी द्या. पाणी का बंद केलं, पिण्याचं पाणी कुठून मिळेल आणि ते चांगलं खळखळ उकळून, झाकून ठेवून प्यावं, हे तिन्ही सांगा. टँकर आणला, तर त्यातल्या पाण्यातही औषध टाकलेलं हवं.

तिसरं काम, औषध टाकण्याआधी पाण्याचा नमुना घ्या. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्या, घरच्या बाटलीत नको. आधी ब्लिचिंग टाकलं आणि मग नमुना घेतला, तर दोष सापडत नाही.

चौथं काम, फुटकी जागा शोधा. जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचं औषध असतं. टाकीजवळ, गावाच्या मध्यात आणि शेवटच्या घरी, अशा तीन ठिकाणी पाणी तपासा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळ पिवळं आलं आणि पुढे रंग नाहीसा झाला, तर दोष त्या दोन ठिकाणांच्या मधे असण्याचा संभव मोठा, तिथून शोध सुरू करा. टाकीजवळच रंग आला नाही, तर औषध टाकलेलंच नाही किंवा ते निकामी आहे. तपासलेलं पाणी पिऊ नये, फेकून द्यावं.

पाचवं काम, नळी दुरुस्त करा, साचलेलं पाणी वाहून जाऊ द्या, टाकी धुवा, औषध टाका आणि पुन्हा तपासूनच नळ सुरू करा. काय झालं, कधी झालं, काय केलं हे वहीत लिहून ठेवा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.

आता ब्लिचिंग पावडरीचा हिशेब. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं किंवा ओल लागली, की तो उडून जातो आणि पोत्यात नुसता चुना उरतो. म्हणून पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. साधारणपणे १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. विहिरीचं पाणी असं मोजा: व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर ३ गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे ३६, त्याला ३.१४ नं गुणून ४ नं भागलं की सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. त्याला १४० ग्रॅम पावडर.

पावडर सरळ टाकीत ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसला, की वरची निवळी टाकीत टाका. अर्धा तास थांबून मग पाणी सोडा. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. तेवढा येत नसेल, तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानं मात्रा वाढवा. पाणी गढूळ असेल, तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. आधी तुरटीनं गाळ बसवावा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ब्लिचिंग आणि उकळणं जंतूंवर चालतं, पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर नाही. जास्त युरिया, उकिरडा आणि शौचालयाचे खड्डे यांमुळे विहिरीत नायट्रेट उतरतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि पाणी उकळलं तर ते उलट दाटतं. फ्लोराइडचंही तसंच. त्यासाठी वेगळी रासायनिक तपासणी करून घ्यावी लागते, आणि दोष निघाला तर पाण्याचा स्रोतच बदलावा लागतो. फवारणीचा पंप विहिरीवर किंवा हातपंपावर धुऊ नका. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी त्यात रोवण्यावर पिण्याचं पाणी नेऊ नका.

घरात कुणाला हगवण लागली, तर मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करा. एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं किंवा शौच तांदळाच्या धुवणासारखी होऊ लागली, तर वाट पाहू नका. पाजणं चालू ठेवा, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांची आणि योजनेची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. आपल्या गावाला कोणतं मिळालं, हे येत्या ग्रामसभेत विचारा. ब्लिचिंगची वही पाहायला मागा. पाणीपट्टी वेळेवर भरा, कारण पाचडोंगरीसारखी वेळ थकलेल्या बिलातूनच येते. आणि आज घरी गेल्यावर एक करा. आपला नळ खड्ड्यात असेल, तर तो वर घ्या आणि खड्डा बुजवून टाका. त्याला ना अर्ज लागतो, ना मंजुरी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बांधीचं पाणी फुटलं तर आपण रात्री कंदील घेऊन धावतो. हे तर लेकरांच्या पिण्याचं पाणी आहे.