मण्यारीचा दंश आणि एक मिलिमीटरचा श्वास



मिरग तोंडावर आला आहे. भातलावणीच्या दिवसांत आपल्या रत्नागिरीत साप चावल्याच्या बातम्या येऊ लागतात. म्हणून श्वासाचं शास्त्र आज मी मण्यारीपासूनच सांगायला घेतो.

मण्यार बहुधा रात्री चावते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला. सूज नाही, वेदना जवळजवळ नाहीत, दातांच्या खुणाही शोधाव्या लागतात. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या उचलत नाहीत, आवंढा गिळवत नाही. शेवटी श्वास थांबतो. फुप्फुसं त्या वेळी धडधाकट असतात आणि बाहेर हवाही भरपूर असते. मग अडतं कुठे?

फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. इथे मांडवीच्या किनाऱ्यावर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७६० मिलिमीटर असतो. श्वास सोडून झाला की फुप्फुसातही तेवढाच. मग छाती आणि पोट यांच्यामधलं घुमटाकार श्वासपटल आकसून सेंटिमीटरभर खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात. सिरींजचा दट्ट्या मागे ओढावा, तशी आतली जागा वाढते. जागा वाढली की दाब उतरतो, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम. आणि उतरतो तरी किती? स्वस्थ बसलेल्या माणसात जेमतेम एक मिलिमीटर! तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते. स्नायू सैल पडले की फुप्फुस आपल्याच ताणाने आवळतं आणि हवा बाहेर जाते.

आंबा घाट चढताना कानांना दडे बसतात. बाहेरचा दाब तिथे पन्नासेक मिलिमीटरने उतरलेला असतो. पण आतलाही तितकाच उतरलेला असतो, म्हणून श्वास चालू राहतो. महत्त्व आहे ते आतल्या-बाहेरच्या फरकाला. तो फरक स्नायू घडवतात, आणि मण्यारीचं विष नेमकं चेतातंतूंच्या टोकांवर घाव घालून स्नायूंना जाणारा हुकूम तोडतं. प्रतिसर्पविष द्यायलाच हवं, पण तुटलेली टोकं त्याने जुळत नाहीत. ती पुन्हा उगवायला दिवस लागतात.

तेवढे दिवस तो फरक दुसऱ्याने निर्माण करायचा. १९५२ साली कोपनहेगनमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या पोलिओची साथ आली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी उलटी वाट धरली: आतला दाब उतरवता येत नसेल, तर हवाच दाबाने आत ढकलायची. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातांनी पिशव्या दाबत, आठवडेच्या आठवडे रुग्णांचा श्वास चालवला. आजचा व्हेंटिलेटर हेच काम करतो.

म्हणून कुणाच्या पापण्या अशा मिटू लागल्या, तर मांत्रिकाकडे एक क्षणही घालवू नका. १०८ला फोन करा, आणि सापाचा संशय असल्याचं आधी सांगा. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या, दर पाच-सहा सेकंदांना एक, छाती वर येताना दिसेल इतका. रुग्णालयाच्या दारापर्यंत थांबू नका. नाडी लागत असेल तर तो माणूस जिवंत आहे, त्याला फक्त हवा हवी आहे.